मिग्लुपे, लोकसंख्या शून्य

मिग्लुपे, लिथुआनिया
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संजीव,

काल भाऊबीज झाली. सख्खा भाऊ नाही आणि मावसभाऊ सिंगापुरात, म्हणून नेहमीप्रमाणे चंद्राला ओवाळलं. अल्गिस शेजारी ताम्हन धरून उभा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी चंद्र माझा भाऊ कसा हे त्याला पटलेलं नाही, पण वाऱ्यात निरांजन विझू देत नाही बिचारा.

त्याच्या आदल्या दिवशी इथे पितरांचा दिवस होता. २ नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या गावच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतो. एरवी आमच्या गावात आम्ही दोघंच, पण त्या दिवशी टेकडीवर तीस-चाळीस माणसं येतात. यंदा आठ आली. बाकीच्यांचे संध्याकाळी फोन आले, की गाडीतल्या नकाशात मिग्लुपे सापडलंच नाही. तरुण पोरं, आजोबांच्या थडग्याला वर्षातून एकदा येणारी, त्यांना रस्ता कुठला पाठ असायला. काहीजण रस्त्यावरच मेणबत्ती लावून परत गेले.

मी टेकडीवर जाऊन मोबाइलवर पाहिलं, कारण इंटरनेट तिथेच येतं (हे पत्रही तिथूनच पाठवते), घरी नुसता फोन लागतो. खरंच नाही. ओढा आहे, जंगल आहे, आमचं गाव नाही. फाट्यापासून आमच्याकडे येणारा रस्ताही पुसलाय.

मेणबत्त्यांचं सोड. अल्गिसच्या हृदयाच्या झडपेचं तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन एप्रिलमध्ये, तोवर जरा काही वाटलं तरी रुग्णवाहिका बोलवा. ती अकरा किलोमीटरवरच्या गावातून येते आणि तिच्यातही हाच नकाशा असतो, मी ड्रायव्हरला विचारून आले. पूर्वीचा ड्रायव्हर इथलाच होता, तो निवृत्त झाला.

तू नकाशांच्या कंपनीत आहेस ना? मग यंदा ओवाळणी म्हणून साडी-बिडी काही नको. माझं गाव परत नकाशावर घाल, बर्फ पडायच्या आत.

अरुणाला आणि आर्याला आशीर्वाद.

तुझी
विभाताई

*

मरीन परेड, सिंगापूर
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय विभाताई,

ओवाळणी मान्य. अरुणा म्हणते, साडीपेक्षा स्वस्तात सुटलास.

आज बुओना व्हिस्टाला ऑफिसात पोचल्या पोचल्या आधी तेच पाहिलं. खरंच मिग्लुपे गायब आहे. सप्टेंबरच्या आवृत्तीत युरोपातल्या बऱ्याच जुन्या नोंदी साफ झाल्या, त्यात कुठेतरी गडबड झालेली दिसते. एवढ्या मोठ्या कामात असं होतं. काळजी करू नकोस, चूक दुरुस्त करण्याची रीतसर पद्धत आहे आणि ती पद्धत चालवणाऱ्या टीमचा मुख्य तुझा भाऊच आहे.

फक्त कागद लागतात. गाव कुठे आहे, केव्हापासून आहे, कोण राहतं, असं सगळं लिहून पाठव. भूगोल आणि इतिहास, शाळेत लिहायचो तसं. तुला भूगोलात कायम माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, मावशी ते ऐकवून ऐकवून माझा जीव घ्यायची.

आमचं ठीक चाललंय. आर्याचं पुढचं वर्ष ओ-लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं. माझ्या पासची, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याची, मुदत फेब्रुवारीत संपते, कंपनी नूतनीकरणाचा अर्ज डिसेंबरात करेल. ऑफिसात कपातीच्या गोष्टी चालू आहेत, पण त्या दरवर्षी चालूच असतात. आर्याला तुझ्या गावाचं सांगितलं तर इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "पापा, ओन्ली टू पीपल, लाह." मी तिला रागावलो.

अल्गिसभावजींना सांग, लाकडं फोडायची नाहीत.

तुझा
संजीव

*

मिग्लुपे
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय संजीव,

घे, लिहिला निबंध. मार्क तूच दे.

अर्जदार: विभा, वय एकसष्ट, मूळची इचलकरंजीची. सत्त्याण्णव साली लिननच्या गिरणीत रंगखात्याची तज्ज्ञ म्हणून पानेवेझीस शहरात आले. तिथल्या मेकॅनिकशी लग्न केलं. गिरणी बंद पडली. मेकॅनिक राहिला.

भूगोल: ईशान्य लिथुआनिया. चिकणमाती, बुटक्या टेकड्या. मिग्ला म्हणजे धुकं, उपे म्हणजे नदी. आमची धुक्याची नदी चार पावलांत ओलांडता येते. उत्तरेला बर्च आणि फरचं जंगल, दक्षिणेला शेतं, पूर्वेच्या टेकडीवर दफनभूमी. घरं पाच, त्यातली तीन कोसळलेली, एकात आम्ही, एकात आमची लाकडं. पक्का रस्ता दोन किलोमीटरवर, फाट्यावर दुधाचे कॅन ठेवायचा जुना ओटा आहे, तिथून डावीकडे वळायचं.

इतिहास: अल्गिसच्या आजोबांच्या वेळी एकतीस घरं होती. एक शाळा आणि एका ज्यू माणसाचं दुकान, मीठ, सुया आणि रॉकेल विकणारं. १९४१च्या जूनमध्ये रशियन लोकांनी दोन कुटुंबं गुरांच्या डब्यात घालून सायबेरियात नेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मन आले होते, तेव्हा दुकानदाराला, त्याच्या बायकोला आणि चार मुलांना जंगलात नेऊन मारलं. जर्मन दोनच होते. बाकीचे बंदूकवाले कोण होते हे गावाला माहीत होतं, आणि गावाने ते कधी सांगितलं नाही. अल्गिसलाही एवढंच माहीत आहे की दुकानाचं दार पुढे कुणाच्या तरी गोठ्याला लागलं होतं. तू अर्जात हे घालणार नाहीस, पण इतिहास म्हणालास म्हणून लिहिते.

१९४९च्या मार्चमध्ये आणखी पाच घरं सायबेरियात. अल्गिसची आई तेव्हा अकरा वर्षांची, ती शेजारणीकडे दूध आणायला गेली होती म्हणून राहिली. घरी आली तेव्हा चूल पेटलेली होती आणि माणसं नव्हती. पुढे सामुदायिक शेती आली. बहात्तर साली सरकारने पाणथळ जमिनीचा निचरा करायला घेतला. बुलडोझरने घरं पाडली, विहिरी बुजवल्या, नदी सरळ करून तिचा चर केला, आणि माणसं दुसरीकडे एकसारख्या घरांत नेऊन ठेवली. आमची पाच घरं वाचली, कारण उतारावर यंत्र चढेना. नव्वदला स्वातंत्र्य आलं आणि राहिलेली पोरं आयर्लंडला गेली.

एवढ्या सगळ्यांनी हे गाव संपवायचा प्रयत्न केला, प्रत्येकाने हातात शस्त्र किंवा यंत्र घेऊन. तुमच्या कंपनीला काहीच घ्यावं लागलं नाही, याचं मला नवल वाटतं.

लोकसंख्या: दोन. पण इथे एक घोळ आहे, तो आधीच सांगते. आमचा अधिकृत पत्ता पानेवेझीसच्या फ्लॅटचा आहे. माझा राहण्याचा परवाना आणि अल्गिसचा दवाखाना दोन्ही त्या पत्त्यावर आहेत, बदलायला गेलं तर सहा महिने खेटे. त्यामुळे २०२१च्या जनगणनेत मिग्लुपेपुढे शून्य लागलंय. म्हणून का रे काढलं?

थंडी पडली. अल्गिस लाकडं फोडतो आणि मला खिडकीतून हसून दाखवतो.

तुझी
विभाताई

*

मरीन परेड
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय विभाताई,

दहापैकी दहा. दुकानदाराचा भाग मी दोनदा वाचला. अर्जात तो घातला नाही, बरोबर ओळखलंस.

अर्ज दाखल केला. उपग्रहाच्या चित्रात तुमच्या धुराड्यातून निघालेला धूर दिसतो, तो पुरावा म्हणून जोडला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो, शून्यामुळेच. लोकसंख्या शून्य आणि टपालाचा पत्ता नाही अशा वस्त्या वगळायचा एक नियम लावला गेला होता. नियम तसा तर्काला धरून होता, तुमच्यासारखी माणसं कुणाच्या ध्यानात आली नाहीत.

पुढची आवृत्ती १५ जानेवारीला निघेल, तीत मिग्लुपे असेल, ही माझी जबाबदारी. तोवर तुम्ही पानेवेझीसच्या फ्लॅटवर जाऊन राहा ना. दवाखाना जवळ, गरम पाणी, लिफ्ट. मलाही स्वस्थ झोप लागेल.

तुझा
संजीव

*

मिग्लुपे
८ डिसेंबर २०२४

प्रिय संजीव,

फ्लॅटचं नाव काढलं की अल्गिस दुसऱ्या खोलीत जातो. तो म्हणतो, आईला या घरातून कोणी हलवू शकलं नाही, मी लिफ्टसाठी हलू का? मीही फार ताणलं नाही. खरं सांगते, मलाही जावंसं वाटत नाही.

चार दिवसांपूर्वी दुपारी त्याला दम लागला, ओठ निळे पडले. ११२ला फोन केला. पलीकडची मुलगी भली होती, पण गावाचं नाव तिच्या पडद्यावर येईना. मग मी त्याला उशीला टेकवून सायकल काढली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. गाडी तिथवर आली आणि मग माझ्यामागून घरी आली. पाऊण तास गेला. या वेळी निभावलं. दोन दिवस ठेवून घरी सोडला.

पण आता बर्फ धरायला लागलंय, सायकल चालणार नाही. आणि त्याला तसा एकट्याला टाकून परत जाणं मला जमणार नाही, संजीव. मी फाट्यावर लाकडी पाटी ठोकली आहे, माझ्याच हाताने रंगवलेली. तेवढ्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे कठीणच.

जानेवारीच्या आधी होत नाही का? काही तरी वेगळी वाट असेलच ना तुमच्यात, अडल्यानडल्याला? मी अशी मागे लागत नाही, तुला माहीत आहे.

तुझी
विभाताई

*

बुओना व्हिस्टा
१० डिसेंबर २०२४

प्रिय विभाताई,

ऑफिसातूनच लिहितोय. भावजींना जप.

मी सगळीकडे विचारून पाहिलं. पंधरा जानेवारीच्या आधी होणं शक्य नाही. सगळ्या जगाचा नकाशा एकदम निघतो, एका गावासाठी वेगळा काढता येत नाही. पाच आठवड्यांचा प्रश्न आहे, तेवढे सांभाळा. पाटी मोठी करा.

घाईत आहे.

संजीव

*

मिग्लुपे
१९ जानेवारी २०२५

प्रिय संजीव,

अल्गिस ९ जानेवारीला गेला. तुला आधी कळवायला हवं होतं, पण लिहायचं बळ नव्हतं.

गुरुवार होता, दुपारचे अडीच. तो चुलीपुढे बसून ढलप्या घालत होता. एकदम म्हणाला, विभा, खिडकी उघड. मी उघडली, तरी त्याला हवा पुरेना. ११२ला फोन केला, सगळा रस्ता सांगितला, दुधाचा ओटा, तिथून डावीकडे. त्यांनी तो ड्रायव्हरला सांगितलाही असेल. पण माझी पाटी दोन दिवसांपूर्वी बर्फ ढकलणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेली होती आणि ओटा बर्फात बुडाला होता. डावीकडे नुसतं पांढरं. ड्रायव्हरच्या पडद्यावर रस्ता फक्त उजवीकडे जात होता, म्हणून तो उजवीकडे गेला. नवीनच मुलगा होता. नंतर माझ्यापुढे उभा राहून रडला, मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

गाडी एक तास वीस मिनिटांनी आली. अल्गिस पन्नास मिनिटं होता. मी दोनदा दारापर्यंत गेले, फाट्यावर जावं म्हणून, आणि दोनदा परत आले. त्याने माझी बाही धरून ठेवली होती. बरोबरचे डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात पोचतो तर वाचला असता. मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले.

टेकडीवर त्याच्या आईशेजारी ठेवला. जमीन इतकी गोठलेली की आधी दिवसभर तिच्यावर लाकडं जाळावी लागली, मग कुदळ लागली. लाकडं त्यानेच फोडलेली होती.

सोळा तारखेला तिथे गेले होते तेव्हा मोबाइल उघडला. मिग्लुपे आलंय. फाट्यापासून घरापर्यंत रस्ताही आलाय. तू शब्द दिला होतास पंधराचा आणि पाळलास. सहा दिवसांनी चुकलं, त्याला तू काय करणार? एवढ्या मोठ्या कंपनीत एका बहिणीसाठी तू किती जणांच्या हातापाया पडला असशील याची मला कल्पना आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी
विभाताई

*

मरीन परेड
२ फेब्रुवारी २०२५

विभाताई,

तुझं पत्र आल्यापासून मी उत्तर लिहितो आणि पुसतो. आता जे लिहितोय ते पुसायचं नाही असं ठरवून बसलोय.

तो नियम मी लावला होता. कुणीतरी नाही, मी. गेल्या ऑगस्टमध्ये मी तो सुचवला, कारण ओसाड वस्त्यांमुळे आमच्या अचूकतेचे आकडे खाली येत होते. बारा हजार चारशे अठरा नावांची यादी आली. त्यातली पन्नास तपासून बाकीच्यांवर सही करायची, अशी आमची पद्धत. माझ्या पन्नासांत तुझं गाव नव्हतं. शुक्रवार होता, मला आर्याच्या शाळेत पालकसभेला जायचं होतं. मी यादी शेवटपर्यंत खाली सरकवली आणि सही केली. वीस वर्षं तुझ्या पाकिटांवर वाचलेलं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं असणार. मला दिसलं नाही.

आणि याहून वाईट असं, की वेगळी वाट होती. तू विचारलीस तशीच. जिवाला धोका असेल तर तातडीची दुरुस्ती दोन दिवसांत घालता येते. तुझं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हा माझ्या हाताखालच्या क्षिप्राने आपण होऊन विचारलं होतं, "सर, आजच टाकू या का? फक्त घटनेचा अहवाल लिहावा लागेल." त्या अहवालात मूळ मंजुरी कुणाची हा रकाना असतो. माझ्या पासचा अर्ज त्याच आठवड्यात जायचा होता, कपातीची यादी बनत होती. मी तिला म्हणालो, थांबू या, जानेवारीत होतंच आहे. मग तुला लिहिलं, शक्य नाही. मी कुणालाही विचारलं नव्हतं. कुणाच्या हातापाया पडलो नव्हतो.

मला वाटलं होतं, पाच आठवडे काढाल. मी खरंच तसं मानलं होतं, की मानायचं ठरवलं होतं, ते आता मलाही सांगता येत नाही.

२७ जानेवारीला आमच्या मजल्यावरची तीस माणसं काढली, त्यात मी आहे. तीस दिवसांत देश सोडायचा. आर्या दार लावून बसते, अरुणा खोक्यांवर नावं लिहिते. तिला अजून मी यातलं काही सांगितलेलं नाही, तुलाच पहिलं सांगतोय.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागतो.

संजीव

*

मिग्लुपे
३० मार्च २०२५

संजीव,

पत्र फेब्रुवारीतच मिळालं. उत्तर लिहायचं की नाही हे ठरवायला दोन महिने गेले.

नोकरी टिकली असती तर हे पत्र आलं असतं का, हे मी विचारत नाही. उत्तर तुझ्याकडे असेल, मला ते नको आहे.

तू दहा डिसेंबरला लिहिलेल्या चार ओळी मी अल्गिसला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्या होत्या. मी चिडले होते, परत लिहिते म्हणाले. तो म्हणाला, बिचाऱ्यावर किती दडपण असेल, त्याला पुन्हा विचारून कानकोंडा करू नकोस. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तीस दिवस होते. दोन दिवसांचं काम पंधरा वेळा झालं असतं. मी ते मोजलं आणि मग मोजायचं थांबवलं.

मी तुझ्यावर ओरडणार नाही. तू वाईट माणूस असतास तर बरं झालं असतं, मला कुठेतरी राग ठेवता आला असता. तू पोरीच्या शाळेत सभेला गेलास, नोकरी सांभाळलीस, वरिष्ठांना घाबरलास. सगळीच माणसं तेवढंच करतात. या गावात ऑगस्टमध्ये बंदुका घेऊन गेलेली माणसंही संध्याकाळी गाई पिळायला घरी आली होती, आणि दार घरी नेणारा चांगला बाप होता, असं म्हणतात. मी तुझी बरोबरी त्यांच्याशी करत नाही. पण हे माझ्या मनात येतं आणि जात नाही, म्हणून आपण आता एकमेकांना लिहू नये. फोनही करू नकोस. अरुणाला मी काही कळवणार नाही, ते तुझं तू बघ.

पानेवेझीसचा फ्लॅट विकायला काढलाय. अधिकृत पत्ता इथला करून घेतला, सहा महिने लागतील वाटलं होतं, तीन आठवड्यांत झाला. त्यामुळे मिग्लुपेची लोकसंख्या आता कागदावरही एक आहे. बर्फ गेलंय, चरात पाणी आहे. अल्गिसने फोडलेली लाकडं आणखी एक हिवाळा पुरतील.

माझ्यामागे इथे राहणारं कोणी नाही. मी गेले की पुन्हा शून्य लागेल, तेव्हा तुझ्या जागी जो कोणी असेल त्याने खुशाल सही करावी. त्या वेळी ती बरोबर असेल.

विभा